साठ गुणांचे ‘बरे’

दीर्घ आजाराला मानसिक बाजू असते, हे कोणीच नाकारत नाही. वाद आहे तो तिच्या जागेचा. ती आजाराच्या मुळाशी मानायची, की आजाराच्या ओझ्याखाली? मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस ऊर्फ क्रॉनिक फटीग सिंड्रोम या आजाराबाबत ब्रिटिश संशोधकांनी हा निवाडा फार लवकर करून टाकला.

१९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये साथ आली. आजारी पडले ते मुख्यतः तिथलेच कर्मचारी. १९७० साली मॅकएव्हेडी आणि बेअर्ड या मानसोपचारतज्ज्ञांनी तिला सामूहिक उन्माद ठरवले. रुग्ण न तपासता, जुन्या नोंदी वाचून! रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण जास्त, हा त्यांच्या पुराव्यांपैकी एक.

पुढची ‘पेस’ चाचणी (लॅन्सेट, २०११) दिसायला भक्कम होती. ६४१ रुग्ण, चार गट. गृहीतक असे की, श्रमाच्या भीतीने आणि पडून राहिल्याने आजार टिकतो. म्हणून व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवा, विचार बदला. शारीरिक क्षमतेच्या शंभर गुणांच्या प्रश्नावलीत ६५ किंवा कमी गुण असलेल्यालाच प्रवेश होता. मूळ आराखड्यात ‘बरे’ होण्यासाठी ८५ गुण हवे होते. २०१३च्या निबंधात ते ६० झाले. म्हणजे ६५ वर आत आलेला माणूस ६० पर्यंत घसरला तरी या निकषावर उत्तीर्ण! आपल्या विद्यापीठांनाही हे सुचले नसते. इतर निकष होतेच, पण तेही सैल केलेले. २०१६ साली न्यायाधिकरणाच्या आदेशाने आकडे खुले झाले. मूळ निकष लावताच व्यायामगटातले ‘बरे’ २२ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले.

मला याहून गंभीर वाटते ते मोजमाप. ‘लक्षणांकडे फार लक्ष देऊ नका’ असे महिनोन्महिने शिकवायचे आणि शेवटी लक्षणे किती आहेत हे त्याच रुग्णाला विचारायचे. उत्तर सुधारले, तर नेमके काय सुधारले? आजार की उत्तर?

थोड्या श्रमानेही प्रकृती दिवसचे दिवस ढासळणे हेच या आजाराचे मुख्य लक्षण. ते ‘भीती’ या खात्यात टाकल्यावर रुग्णापुढे दोनच वाटा उरतात : झेपत नसताना चालणे किंवा असहकारी ठरणे. नैराश्य यातूनही येते. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये ठरीव चढता व्यायाम बंद करायला सांगितला. विचारबदलाची चिकित्सा मात्र ठेवली. आजारावरचा इलाज म्हणून नव्हे, ज्याला हवा त्याला आधार म्हणून.