‘पुनरुज्जीवन’ या संज्ञेची मर्यादा

साम्यवादोत्तर रशियातील धर्मजीवनाविषयी लिहिताना ‘पुनरुज्जीवन’ ही संज्ञा सरसकट योजली जाते. चिरनेरहून पाहता ती तपासून घ्यावीशी वाटते. १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे हे गाव. पुढे मार्क्सवाद मानणाऱ्या शेतकरी कामगार पक्षाचा हा प्रभावप्रदेश. तरीही लाल बावट्याचा कार्यकर्ता महागणपतीच्या दर्शनाला जाई आणि त्यात कोणास विसंगती वाटत नसे. येथे काही मेलेलेच नव्हते, मग पुनरुज्जीवन कशाचे?

रशियात मात्र राज्यसत्तेने मॉस्कोतील ख्रिस्त तारणहाराचे कॅथेड्रल १९३१ मध्ये पाडले. पुन्हा बांधलेल्या वास्तूचे पवित्रीकरण २००० मध्ये झाले. एवढ्यापुरती संज्ञा योग्य आहे. परंतु तिच्याआड धर्मवैविध्याचा प्रश्न झाकला जातो. १९९७ च्या कायद्याच्या प्रास्ताविकेने ऑर्थोडॉक्स पंथाचे विशेष स्थान मान्य केले. नव्या गटांवर पंधरा वर्षांच्या अस्तित्वाची अट घातली. २०११ मध्ये तोम्स्क येथे इस्कॉनच्या गीताभाष्यावर बंदीची मागणी झाली, तेव्हा आपल्या संसदेत गदारोळ झाला आणि न्यायालयाने ती मागणी फेटाळली. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथास असे पाठीराखे राष्ट्र नव्हते. २०१७ मध्ये त्याच्यावर बंदी आली.