पडद्यावरची गोळी

रोहित शेट्टींचा ‘सिम्बा’ डिसेंबर २०१८ मध्ये आला. गोष्ट घडते गोव्यातल्या मीरामार पोलीस ठाण्यात, त्यामुळे आडनावं आपली वाटतात. भालेराव, मोहिले, रानडे, तावडे. सिद्धार्थ जाधव, अश्विनी काळसेकर, वैदेही परशुरामी ही आपली माणसंही त्यात आहेत. तेव्हा तो घरच्या सगळ्यांबरोबर पाहिला होता. आता लिहायचं म्हणून परत पाहिला, दुपारची कामं उरकून, एकटीनं, हातात वही घेऊन.

गोष्ट बहुतेकींना माहीतच आहे. संग्राम भालेराव हा लाचखाऊ इन्स्पेक्टर. ज्या मुलीला त्यानं बहीण मानलं, तिच्यावर दुर्वा रानडेचे भाऊ अत्याचार करतात, तिचा जीव घेतात. संग्राम बदलतो. काय करायचं ते तो आजूबाजूच्या बायकांनाच विचारतो आणि त्या सांगतात, मारा. मग ताब्यात असलेल्या त्या दोघांना ठाण्यातच चिथावलं जातं आणि गोळ्या घातल्या जातात. कागदावर लिहितात ‘स्वसंरक्षण’.

चित्रपट म्हणून तो वाईट नाही. आशुतोष राणांचा हेड कॉन्स्टेबल मोहिले लाचखाऊ साहेबाला सलाम ठोकत नाही, आणि साहेब बदलल्यावर मात्र ठोकतो, तिथं माझ्याही अंगावर काटा येतो. पण या सचोटीच्या मोहिलेलाच दिग्दर्शकानं त्या गोळीबारात सामील करून घेतलंय. म्हणजे ज्याच्या सलामाला किंमत, त्याच्याच हातून खोट्या कागदाला मान्यता. ही लबाडी मोठी हुशारीची आहे, कारण ती खलनायकाकडून नाही, सज्जनाकडून करवून घेतली आहे.

मला खटकतं ते बायकांना प्रश्न विचारणं. प्रश्न असा घातलाय की त्याला एकच उत्तर निघतं. ‘त्यानं काय केलं?’ एवढंच विचारलं, तर कुठल्या आईच्या तोंडून दुसरं काही निघेल? पण पोलिसानं गोळी कधी झाडावी याचं उत्तर कायदा या प्रश्नावरून देतच नाही. कायदा विचारतो, गोळी सुटली त्या क्षणी ती सुटली नसती तर काय झालं असतं?

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३. त्यात म्हटलंय की अटकेला विरोध केला किंवा पळायचा प्रयत्न केला, तर पोलिसांनी अटकेसाठी लागतील ती साधनं वापरावीत. आणि पुढे, ज्याच्यावर फाशीच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घ्यायचा अधिकार या कलमानं मिळत नाही. म्हणजे पाकीट मारून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालता येत नाही, विषय संपला. पण काही जण हे वाक्य उलटं वाचतात. फाशीचा गुन्हा असेल तर मारायला मोकळीक! अहो, ‘आमंत्रण नसलेल्याला पान वाढू नका’ असं सांगितलं, म्हणजे आमंत्रण असलेल्याला पोट फुटेस्तोवर वाढा, असं होतं का? गंभीर गुन्ह्यातही ‘लागतील ती’ हा शब्द राहतोच. हेतू अटकेचा आहे. हातात बेड्या घालता येत असतील, तर गोळी लागत नाही.

पळणाऱ्याच्या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निकाल प्रसिद्ध आहे. मेम्फिस शहरात १९७४ साली घरफोडी करून पळणारा, कुंपण चढणारा पंधरा वर्षांचा निःशस्त्र मुलगा पोलिसाच्या गोळीनं मेला. चोरीचा ऐवज होता दहा डॉलर आणि एक पर्स. न्यायालयानं म्हटलं की नुसता पळतो म्हणून मारता येणार नाही. तो पोलिसांच्या किंवा इतरांच्या जिवाला गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण हवं. आपलं कलम गुन्ह्याच्या शिक्षेकडे बघून रेघ ओढतं, त्यांचा निकाल समोरच्या धोक्याकडे. मला त्यांची रेघ जास्त नेमकी वाटते.

दुसरा आधार स्वसंरक्षणाचा. तो पोलिसांना वेगळा मिळालेला नाही, तुम्हा-आम्हाला आहे तोच. जुन्या दंड संहितेचं कलम १००, नव्या न्याय संहितेचं ३८. बायकांनी हे पाठच करावं, कारण बलात्काराच्या हेतूनं हल्ला करणाऱ्याचा जीव घ्यायचा हक्क या कलमानं स्त्रीला आहे. मात्र जिवाची, अब्रूची भीती जोवर समोर उभी आहे तोवरच. भीती टळली की हक्क संपला, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, हेही त्याच प्रकरणात आहे.

हे वाचताना मला आपली हिंसेची चार नावं आठवली. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. चूल पेटली, शेत नांगरलं, धंदा केला की काही हिंसा घडतेच. आणि अंगावर आलेल्याला परतवताना घडते ती विरोधी. गृहस्थाला या तिन्ही पूर्णपणे सुटत नाहीत. सोडायची ती संकल्पी, ठरवून केलेली. आता ‘सिम्बा’तला तो प्रसंग पुन्हा बघा. हिंसा ठरवून केली आणि दप्तरात विरोधी म्हणून नोंदवली. आमच्या स्वाध्याय मंडळात चार प्रकार घडाघडा म्हणणाऱ्या बायकांनीही या प्रसंगाला टाळ्या दिल्या असतील, तर पाठांतराचा उपयोग काय झाला?

चित्रपट येऊन वर्ष व्हायच्या आत आमच्या हैदराबादेत तेच घडलं. २७ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्य मुलीवर अत्याचार झाला, तिला मारून जाळलं. त्या दिवसांत या शहरात मुलींना अंधार पडल्यावर बाहेर राहायची भीती वाटत होती. ६ डिसेंबरला पहाटे चारही आरोपींना मुलीच्या वस्तू हस्तगत करायला म्हणून शादनगरजवळ चटनपल्लीला नेलं आणि तिथं चौघेही मारले गेले. पोलिसांचं म्हणणं, त्यांनी डोळ्यांत माती फेकली, पिस्तुलं हिसकावली, गोळ्या झाडल्या. सकाळी लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, बायकांनी पेढे भरवले.

सर्वोच्च न्यायालयानं चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपले नागपूरकडचे. सोबत मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती रेखा सोंदूर-बलदोटा आणि सीबीआयचे माजी संचालक कार्तिकेयन. मे २०२२ मध्ये अहवाल खुला झाला. पिस्तुलं हिसकावल्याची गोष्ट आयोगाला पटली नाही. जीव घ्यायच्या हेतूनंच गोळ्या झाडल्या, असा निष्कर्ष निघाला आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस झाली. चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अठराच्या आतले होते, असंही आयोगानं नोंदवलं. वय हा पुराव्याचा मुद्दा. तो कोर्टात निघाला असता, वादी-प्रतिवादी झाले असते. चटनपल्लीच्या शेतात कुणी वय विचारलं नाही.

‘सिम्बा’ ज्याच्यावरून घेतला तो तेलुगू ‘टेम्पर’ २०१५ चा, इथं घरोघरी पाहिलेला. त्यातला इन्स्पेक्टर कोर्टात उभा राहून ‘मीही त्यांच्यात होतो’ अशी खोटी साक्ष देतो, म्हणजे त्यांना शिक्षा व्हावी. खोटं ते खोटंच, त्याचं कौतुक नाही. पण निदान त्यानं स्वतःची मान अडकवली, आणि निकाल न्यायाधीशाच्या तोंडून येऊ दिला. हिंदीत येता येता कोर्ट गळालं आणि ठाणं उरलं. मग चौकशीला येतो कोण? सिंघम! संग्रामच्याच शिवगडचा, त्याचा आदर्श. सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०१४ ला, मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या ९९ चकमकी आणि सुमारे १३५ मृत्यूंच्या प्रकरणात सोळा निर्देश दिले होते. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करा, शस्त्रं जमा करा, लगेच बढत्या आणि शौर्यपदकं वाटू नका. पडद्यावर याची चेष्टा झाली आहे आणि ती चेष्टा आहे हे प्रेक्षकाला कळूही नये, अशी.

बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूर प्रकरणातला आरोपी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत मारला गेला. पुन्हा तीच गोष्ट, पिस्तूल हिसकावलं. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत गाडीतल्या पाच पोलिसांवर ठपका आला.

हे सगळं मी मंडळात बोलले तेव्हा एक काकू उसळल्या. “दिल्लीच्या मुलीचा गुन्हा २०१२ चा, फाशी २०२० ला. आईनं सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. तुझं विरोधी-संकल्पी तिला जाऊन सांग!” त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एवढा उशीर हा त्या आईवरचा दुसरा अत्याचार आहे. पण हैदराबादच्या त्या रात्री उशीर कोर्टात नव्हता झाला. मुलगी घरी आली नाही म्हणून घरचे ठाण्यात गेले, तेव्हा ही आमची हद्द नव्हे, पलीकडच्या ठाण्यात जा, असं त्यांना ऐकावं लागलं. तक्रार नोंदवायला उशीर केला म्हणून तिघे पोलीस निलंबित झाले. फुलं उधळली गेली त्या गर्दीत ही बातमी विरून गेली.

काकूंनी विचारलं, “मग हद्द नसली तर करायचं काय?” मी सांगितलं की हद्द कुणाचीही असो, कुठल्याही ठाण्यानं तक्रार नोंदवून घ्यायलाच हवी, तिला झिरो एफआयआर म्हणतात, आणि आता ते नव्या संहितेतच आहे. त्यांनी पिशवीतून स्वाध्यायाची वही काढली आणि मागच्या पानावर तो शब्द लिहून घेतला. मग सुनेसाठी म्हणून आणखी एकदा, वेगळ्या कागदावर.