ऋण आणि बोली : नवेगावबांधविषयक लेखनाच्या निमित्ताने

प्रौढ माणसे दैनंदिन व्यवहारात एकमेकांपासून जे शिकतात, त्याची दखल शिक्षणशास्त्राने बऱ्याच उशिरा घेतली. महाराष्ट्रात १९५९ साली सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहिमेचा आरंभ झाला. या मोहिमेचे कार्य मोठे खरेच. परंतु प्रौढशिक्षण म्हणजे साक्षरता हे समीकरण तिच्यामुळे दृढ झाले. शिकणारा प्रौढ तो अजाण आणि शिकविणारा तो बाहेरून आलेला, असे त्यात गृहीत होते. १९७१ साली इव्हान इलिच यांनी 'डीस्कूलिंग सोसायटी' या ग्रंथात हे गृहीत नाकारले आणि एकाच विषयाची ओढ असलेल्या दोन माणसांची गाठ संगणकाच्या साहाय्याने घालून देता येईल अशी कल्पना मांडली. पुढे १९९१ मध्ये जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांनी, नवखा मनुष्य जाणत्यांच्या कामात कडेकडेने सहभागी होत होत शिकतो, असे प्रतिपादन केले. या शिक्षणाचा मराठीतील एक समृद्ध लिखित पुरावा मात्र शिक्षणविषयक ग्रंथांत नसून ललित गद्यात आहे. तो म्हणजे मारुती चितमपल्ली यांचे नवेगावबांधविषयक लेखन होय.

नवेगावबांध हे गाव आज गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यात होते. तेथील विस्तीर्ण जलाशय कोलू पटेल कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे सांगतात. चितमपल्ली (१९३२–२०२५) हे सोलापूरचे. कोईमतूर येथे वनविद्येचे शिक्षण घेऊन ते वनखात्यात आले आणि नोकरीच्या निमित्ताने या जलाशयाच्या काठी राहिले. वनविद्येचे शिक्षण झालेले असूनही ते येथे नव्याने विद्यार्थी झाले. त्यांचे येथील प्रमुख शिक्षक म्हणजे गावचे माधवराव पाटील. त्यांच्याखेरीज ढीवर, गोंड आणि रानात वावरणारी इतर माणसेही होती. 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक या विद्यार्थिदशेचेच चित्र आहे असे म्हणावयास हरकत नाही.

या लेखनाचा निसर्गवर्णनाच्या अंगाने पुष्कळ गौरव झाला आहे. ज्ञानव्यवहाराच्या अंगाने त्याचे परीक्षण त्या मानाने कमी झाले. तसे ते केले असता दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, अधिकाराची उतरंड येथे उलटी होते. कचेरीत जो अधिकारी, तो पाणथळीच्या काठी शिष्य ठरतो. आणि तोच शिष्य ग्रंथांत आढळलेली एखादी गोष्ट पाटलांपुढे ठेवतो, तेव्हा भूमिका पुन्हा पालटतात. शाळेत गुरू व शिष्य ही पदे स्थिर असतात. प्रौढांच्या परस्परशिक्षणात ती फिरती राहतात. दुसरी गोष्ट ऋणनिर्देशाची. पक्ष्याच्या सवयीविषयीचे एखादे निरीक्षण चितमपल्ली सांगतात, तेव्हा ते कोणाकडून मिळाले हेही बहुधा सांगतात. ज्ञानाला अशा रीतीने वंशावळ लाभते. आणि वंशावळ लाभलेल्या ज्ञानाचा पडताळा घेता येतो, कारण कोणाला विचारावे हे ठाऊक असते.

तथापि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या लेखनाला एक मर्यादा आहे. शिक्षकाचे नाव त्यात राहते. शिक्षकाची बोली मात्र फारशी उरत नाही. हा मुलूख झाडीबोलीचा आहे, आणि तिच्या शेजारी पोवारी व गोंडीही नांदतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीची वैशिष्ट्ये नोंदविली आहेत. तिच्यात 'ण' आणि 'ळ' हे वर्ण नाहीत. 'पाणी' तेथे 'पानी' होते. चितमपल्लींनी स्थानिक नामे आस्थेने जमविली, 'पक्षिकोशा'त त्यांना स्थान दिले. परंतु नाम टिकले म्हणजे बोली टिकली असे नव्हे. अनुभवी मनुष्य शिकवितो तो सुट्या नामांनी नव्हे. त्याची क्रियापदे, त्याचे अव्ययांवरचे जोर, 'असे दिसले तर तसे समजावे' ही त्याची वाक्यरचना, यांतूनच तो शिकवितो. हे सारे लेखकाच्या नितळ प्रमाण मराठीत विरघळून जाते. शिवाय पक्ष्यांच्या सामूहिक वसतिस्थानांसाठी त्यांनी 'काकागार', 'सारंगागार' यांसारखे संस्कृत वळणाचे शब्द प्रचारात आणले. ते सुंदर आहेत, नेमके आहेत आणि मराठीला त्यांची गरजही होती. तरीही ज्या भाषेत ते ज्ञान मिळाले तिच्याशी त्यांचा संबंध उरत नाही, हे नमूद केलेच पाहिजे.

आंतरजालाच्या काळात या चित्राचे काय झाले, हा प्रश्न येथे अपरिहार्य ठरतो. २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील आंतरजाल स्वस्त झाले आणि प्रौढांच्या परस्परशिक्षणाला नवे माध्यम मिळाले. धानाच्या बांधीत उभा असलेला शेतकरी तुडतुड्याचे छायाचित्र पाठवितो व त्यावर उपाय विचारतो. पऱ्हे टाकण्यापासून रोवणीपर्यंतच्या रीती चित्रफितींतून पाहतो आणि दाखवितोही. इलिच यांच्या कल्पनेतील गाठभेट एका अर्थाने प्रत्यक्षात आली आहे. भाषेच्या दृष्टीने तर येथे मोठाच लाभ झाला. ज्याने आयुष्यात कधी चार ओळींचे पत्र लिहिले नाही, तो ध्वनिसंदेशात आपल्या बोलीत मोकळेपणे बोलतो. त्याच्या 'पानी'चे 'पाणी' करणारा लेखनिक मध्ये येत नाही. चितमपल्लींच्या गद्यात जी वाक्यरचना हरवली, ती येथे जशीच्या तशी उमटते.

परंतु जे तेथे राहिले ते येथे हरवते. व्हॉट्सॲपने २०१८ साली पुढे पाठविलेल्या संदेशांवर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला. ती खूण संदेश दुसऱ्याचा आहे एवढेच सांगते. तो कोणाचा, हे सांगत नाही. चार हात फिरलेला सल्ला अनाम होतो. तो कोणत्या मातीतला, कोणत्या हंगामातला, हे विचारण्याची सोय उरत नाही. पक्षिनिरीक्षणाच्या नोंदी ठेवणाऱ्या जागतिक संचिकांची स्थिती याहून बरी आहे खरी. तेथे नोंद करणाऱ्याचे नाव राहते. पण बांधावर उभे राहून बोटाने पक्षी दाखविणाऱ्याचे नाव त्या नोंदीत बहुधा येत नाही. सारांश, जुन्या गद्यात ऋण राहिले व बोली गेली. नव्या माध्यमात बोली राहिली व ऋण गेले.

हा भेद केवळ सौजन्याचा नाही, हे सारसाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. महाराष्ट्रात सारस आज मुख्यत्वे गोंदिया परिसरातच उरला आहे. त्याच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्वतःहून दखल घेतली. सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तळ्याच्या उथळ भागात घरटे करतो आणि बहुधा दोन अंडी घालतो. ते घरटे प्रथम दिसते शेतकऱ्याला. 'सेवा' या संस्थेच्या प्रयत्नाने अनेक शेतकरी सारसाचे राखणदार झाले, ते समोरासमोरच्या बोलण्यातून. घरटे कोठे आहे हे कोणाला सांगावे आणि कोणाला सांगू नये, हाही त्या शिक्षणाचा भाग असतो. समोरच्या माणसाची पारख करूनच तो धडा दिला जातो. छायाचित्र मात्र एका क्षणात शेकडो अनोळखी हातांत जाते, आणि हा संयम त्याच्याबरोबर प्रवास करीत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की, जुन्या व्यवहारातही सर्वांना नाव मिळत नव्हते. आक्षेप यथार्थ आहे. नवेगावबांधच्या लेखनात पाटलांचे नाव जितके ठळक आहे, तितके गुडघाभर चिखलात रोवणी करणाऱ्या स्त्रियांचे ज्ञान ठळक नाही. कोणाचे ऋण मान्य करावे, हे पुष्कळदा गावातील प्रतिष्ठेवर ठरत आले आहे. ध्वनिसंदेशाने या स्त्रियांचा आवाज प्रथमच दूरवर नेला असेल, तर तो लाभ लहान मानता येणार नाही. मात्र अनामिकतेतून अनामिकतेत जाणे याला न्याय म्हणता येत नाही.

भाषाविभागांपुढचे कार्य यातून निश्चित होते. बोलीचे नमुने गोळा करताना शब्दांच्या याद्यांवर संतुष्ट न राहता एक प्रौढ दुसऱ्या प्रौढाला काही शिकवीत असतानाचे सलग बोलणे नोंदले पाहिजे. आणि त्या नोंदीबरोबर, बोलणाऱ्याच्या संमतीने, त्याचे नाव, गाव व हंगाम यांचाही उल्लेख ठेवला पाहिजे. चितमपल्लींपासून ऋणनिर्देश घ्यावा आणि नव्या माध्यमापासून आवाज घ्यावा. २०२५ साली चितमपल्ली गेले. त्यांना शिकविणाऱ्या पिढीचे बोलणे आता ऐकावयास मिळणे नाही. तिच्यानंतरची पिढी मात्र आज झाडीपट्टीच्या बांधांवर बोलत आहे, आणि तिचे बोलणे नोंदून घेण्यास लागणारे साधन प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे.