इतिहास पानभर, वाट ओळभर

गावामागचा ओढा ओलांडून डावीकडची वाट धरावी. ती मळलेली असून तासाभरात गडावर पोहोचता येते. या धाटणीचं वाक्य वाचून ज्याने कधी डोंगर चढायला घेतला असेल, त्याला पुढचं सांगायला नको. ओढ्यापलीकडे डावीकडे वाटा तीन असतात: एक सरपणाची, एक ढोरवाट आणि एक गडाची. सगळ्यांत मळलेली असते ती ढोरवाट, कारण गुरं रोज चरायला जातात आणि गडावर माणसं शनिवार-रविवारीच येतात. अशाच एका वाक्यामागे जाऊन आम्ही चौघे एकदा दुपारभर कारवीच्या रानात अडकलो होतो. त्या पुस्तकाचं नाव घेत नाही, कारण चूक त्याची एकट्याची नव्हती. किल्ल्यांवर लिहायची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तिची ती चूक होती.

मराठीत किल्ल्यांची पुस्तकं उदंड आहेत. दुकानात एक फळी त्यांनी सहज भरते. पण सॅकमध्ये टाकून न्यावं असं पुस्तक निवडायला बसलं, की त्या फळीवर हाताशी फार थोडं उरतं. याचं कारण असं की ही सगळी पुस्तकं एका जातीची नाहीत, आणि आपण मात्र ती एकाच अपेक्षेने विकत घेतो.

गो. नी. दांडेकरांचं ‘दुर्गभ्रमणगाथा’ घ्या. ते वाचून माणूस घराबाहेर पडतो, आणि हे काम लहान नाही. तीन-चार पिढ्यांना किल्ल्यांचं वेड लागलं त्यात गोनीदांचा वाटा मोठा आहे. पण एसटीतून कोणत्या फाट्यावर उतरायचं, हे त्यांना विचारू नये. ते त्यांनी पत्करलेलं काम नव्हतं. प्र. के. घाणेकरांची पुस्तकं उपयोगी पडतात ती गडावर पोहोचल्यानंतर. दरवाज्याची बांधणी कशी ओळखावी, खोदलेलं टाकं आणि बांधलेला तलाव यांतून काय कळतं, ही नजर ‘अथातो दुर्गजिज्ञासा’सारखं पुस्तक देतं. मिलिंद गुणाजींच्या ‘भटकंती’ने शहरातल्या कुटुंबाला सुट्टीच्या दिवशी गाडी काढायला लावली. ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्ही चोख झालेली आहेत. यांतलं एकही वाट दाखवण्याचं काम नाही.

ते काम ज्याने अंगावर घेतलं असं पुस्तक म्हणजे आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’. त्याचं मोठेपण मला त्याच्या मांडणीत दिसतं. गडांची अकारविल्हे यादी देण्याऐवजी ते डोंगररांगांच्या क्रमाने चालतं. त्यामुळे गड हा सुटा दागिना राहत नाही; तो एका धारेवरचा, दोन खिंडींमधला, अमुक घाटवाटेवर नजर ठेवणारा डोंगर होतो. सोबतचे रेखाटलेले नकाशे हेच सांगतात. रांग कळली की वाट चुकलेल्या माणसालाही आपण कुठे आहोत याचा अदमास बांधता येतो. हरीश कापडियांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’ इंग्रजीत आहे, पण त्याचीही नजर गिर्यारोहकाचीच आहे. तिथे चढ, पाणी आणि पल्ला आधी येतात, इतिहास नंतर.

बाकीच्या बहुसंख्य पुस्तकांचा साचा मात्र ठरलेला: उंची, तालुका, मग तीन पानं इतिहास, मग गडावरची ठिकाणं, आणि शेवटी ‘कसे जाल’ या मथळ्याखाली चार ओळी. मला वाटतं, हा साचा आपण गॅझेटिअरमधून उचलला. १८१८ साली मराठी राज्य बुडालं, तेव्हा कॅप्टन ब्रिग्जने नाशिककडच्या किल्ल्यांची पाहणी करून नोंदी केल्या, आणि १८८३च्या नाशिक गॅझेटिअरने त्या पुढे वापरल्या. त्या अधिकाऱ्याला हवं होतं ते इतकंच: पायऱ्या कशा आहेत, पाणी किती, धान्यकोठार कुठे, गड पुन्हा लढवता येईल का. गड जिंकून झाला होता, त्यामुळे वाट विचारण्याचं त्याला कारण नव्हतं. आपण त्याच्या रकान्यांत शिवकाळ भरला आणि वाटेचा रकाना तसाच ठेवला.

दुसरं कारण नकाशांचं. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे सामान्य भटक्याच्या हाती पूर्वी सहजी लागत नसत. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी वेगळी खुली मालिका काढली आणि २०२१मध्ये नियम आणखी सैल झाले. जुन्या लेखकांनी समोच्च रेषांचे नकाशे छापले नाहीत म्हणून त्यांना बोल लावता येणार नाही. आजच्या लेखकाला ती सबब उरलेली नाही. तरीही नव्या पुस्तकांत सूर्यास्ताचा जोडपानी रंगीत फोटो असतो आणि वाटेचा नकाशा नसतो.

मग श्रेणीचा घोळ. ‘सोपी, मध्यम, कठीण’ हे तीन शब्द गडाच्या नावापुढे टाकले की काम संपलं, असा समज आहे. पण श्रेणी गडाला देऊन काय साधतं? हरिश्चंद्रगडावर पाचनईहून घरचं लहान मूल चढतं. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून जाणारी वाट दमवते. आणि कोकणातल्या बेलपाड्यातून नळीच्या वाटेने जायचं, तर कातळटप्प्यांशी झटत दिवस घालवावा लागतो. गड एक, वाटा तीन आणि जाणारी माणसंही तीन प्रकारची. मदनगडासमोर ‘कठीण’ लिहिणं तर निव्वळ बेजबाबदारपणाचं आहे. तिथे तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी दोर लावावा लागतो, हे स्पष्ट शब्दांत यायला हवं. स्वित्झर्लंडच्या अल्पाइन क्लबने पायवाटांसाठी टी-१ ते टी-६ अशा सहा पायऱ्या ठरवल्या आहेत. हात टेकावे लागतील का, पाय घसरला तर काय होईल, वाट दिसते की शोधावी लागते, अशा प्रश्नांवर ती श्रेणी ठरते. सह्याद्रीसाठी असं काही सर्वमान्य नाही, आणि एकाही प्रकाशकाला त्याची निकड वाटलेली दिसत नाही.

ऋतू तर आपल्या पुस्तकांतून जवळजवळ हद्दपार आहे. ‘टाक्यात पिण्यायोग्य पाणी आहे’ हे वाक्य नोव्हेंबरात खरं असतं आणि एप्रिलमध्ये जीव घेऊ शकतं. ऑक्टोबरात गवत डोक्याएवढं होऊन वाट गिळतं. मार्चमध्ये तेच वाळलेलं गवत मुरमाड उतारावर पायाखालून सरकतं. पावसात नाळ ही वाट राहत नाही, ती धबधब्याची जागा होते. दिशेचंही तसंच. कोकणातून वर बघितलं तर नाळेची खोबण समोर दिसते. पण घाटमाथ्याच्या सपाट पठारावरून तीच नाळ नेमकी कुठे उतरते हे सापडता सापडत नाही. चढण्याचं वर्णन उलटं वाचून उतरता येत नाही, हे घाटवाटांवर लिहिणाऱ्याने पहिल्याच पानावर सांगावं.

याबाबत इंग्लंडच्या आल्फ्रेड वेनराइटचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. केंडल गावच्या नगरपालिकेत हिशेब सांभाळणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी बसने डोंगराच्या पायथ्याशी जायचा. लेक डिस्ट्रिक्टमधल्या २१४ डोंगरांवर त्याने सात पुस्तकं लिहिली. ती १९५५ ते १९६६ या काळात निघाली. अक्षर त्याचं, चित्रं त्याची, नकाशे त्याचे. भिंत कुठे संपते, फाटक कुठे आहे, शिखरावरून कोणत्या अंगाने उतरावं, हे सगळं त्यात आहे. पण खरी गोष्ट पुढची. वेनराइट १९९१मध्ये गेला. त्यानंतर ख्रिस जेस्टी आणि मग क्लाइव्ह हचबी यांनी त्या वाटा पायाखाली घालून पुस्तकं दुरुस्त केली. लेखक गेला, पुस्तक चालत राहिलं. आपल्याकडे ‘नवी आवृत्ती’ म्हणजे बहुतेक वेळा नवं मुखपृष्ठ आणि वाढलेली किंमत.

ही हयगय किरकोळ नाही. जुन्या पुस्तकांत इर्शाळगडाच्या वाटेवर इर्शाळवाडी भेटते. पाणी घेण्याची, पथारी टाकण्याची ती जागा. १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली आणि ती वाडी गाडली गेली. डोंगर बदलतो, डांबरी रस्ता वरच्या पाड्यापर्यंत जातो, मुक्कामी एसटी बंद होते, वनखात्याची परवानगी लागू होते. पुस्तक मात्र पहिल्या आवृत्तीच्या सालातच थांबलेलं असतं.

मोबाइलवरच्या ट्रॅकने हे सगळं निकालात काढलं, असं तरुण मंडळी म्हणतात. ओढ्यापलीकडच्या तीन वाटांचा प्रश्न त्याने सोडवला, हे खरं. पण ट्रॅक म्हणजे एका माणसाने एका दिवशी केलेली चाल, त्याच्या चुकांसकट. तो जिथे चकला तिथे रेघही चकते. शेजारून सोपी वाट होती का, ढग उतरले तर माघार कुठून घ्यायची, हे रेघ सांगत नाही. ते अनुभवी माणूस सांगतो, आणि लिहिलं असेल तर पुस्तक सांगतं.

तो अनुभवी माणूस बहुतेक वेळा ठाकरवाडीतला किंवा महादेव कोळ्यांच्या पाड्यावरचा असतो. आपली पुस्तकं त्याच्याच माहितीवर उभी आहेत, आणि त्याच्या वाट्याला येते ती शेवटची ओळ: ‘गावातून वाटाड्या घ्यावा.’ कोणत्या वाडीत विचारावं, कोणत्या दिवसांत सगळे भातलावणीत गुंतलेले असतात, मजुरी आधी ठरवावी, इतकं लिहायला काय हरकत आहे?

२०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत. पुस्तकांची नवी लाट येणार, हे उघड आहे. लेखकांना आणि प्रकाशकांना एकच मागणं आहे: प्रत्येक वाटेखाली ती शेवटची चालल्याचा महिना आणि साल छापा. ते छापायचं ठरवलं, की निम्मी पुस्तकं निघणारच नाहीत आणि उरलेली विश्वासाची होतील.

आणि वाचकाने दुकानात एक करावं. अनोळखी गडाचं पान उघडून फोटो बघत बसू नये. आपण दहा वेळा चढलेला गड त्या पुस्तकात काढावा आणि वाटेचा मजकूर वाचावा. फुटलेल्या वाटा, चकवणारा टप्पा, आटणारं टाकं त्यात आहे का बघावं. आपल्या पायाखालचा डोंगर त्या पानात ओळखू आला नाही, तर पुस्तक परत फळीवर ठेवावं.