सोवळे आणि पावित्र्य : ‘स्मृतिचित्रां’तील एका अर्थाचा शोध

धर्मग्रंथाच्या भाषांतरात अपरिचित शब्दांपेक्षा अतिपरिचित शब्दच अधिक फसवे ठरतात. अपरिचित शब्दापाशी भाषांतरकार थबकतो, कोश उघडतो; परिचित शब्द मात्र आपली सारी पूर्वकर्मे बरोबर घेऊन निमूटपणे वाक्यात येऊन बसतो. मराठी बायबलातील ‘पवित्र’ हा असाच एक शब्द होय. संस्कृतात तो ‘पू’ या शुद्धिवाचक धातूपासून आला. सोमरस गाळण्याच्या साधनाला ‘पवित्र’ म्हणत. धार्मिक कृत्याच्या वेळी बोटात घालावयाची दर्भाची अंगठी आजही ‘पवित्रक’ म्हणूनच ओळखली जाते. मळ काढून टाकणे ही या शब्दाची मूळ कल्पना आहे. उलट, ज्या हिब्रू ‘कादोश’ आणि ग्रीक ‘हागिओस’ या शब्दांसाठी मराठीत ‘पवित्र’ योजला गेला, त्यांत देवासाठी वेगळे काढून ठेवलेले, देवाच्या मालकीचे, हा अर्थ प्रधान आहे. एका शब्दाचा प्रश्न ‘काय लागले आहे?’ असा, तर दुसऱ्याचा ‘कोणाचे आहे?’ असा.

हे अंतर केवळ कोशातले नाही. मराठी घरात ‘पवित्र’ शब्दाचा शेजार शतकानुशतके ‘सोवळे’ या शब्दाशी राहिला. त्यामुळे ख्रिस्ती जीवनातील पावित्र्य म्हणजे काय, हा प्रश्न मराठीत विचारताच त्याच्यामागून सोवळ्याची सावली येते. पंडिता रमाबाईंना भाषेच्या या ओझ्याची जाणीव होती. त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या, मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या भाषांतरात प्रचलित धार्मिक परिभाषा टाळून साध्या मराठीकडे जाण्याचा त्यांचा आग्रह दिसतो, तो याच जाणिवेतून. परंतु शब्द बदलून अर्थ बदलतोच असे नाही. तो जगून बदलावा लागतो. आणि मराठीत तो जगून बदलल्याची सर्वांत सविस्तर नोंद ज्या ग्रंथात सापडते तो प्रवचनसंग्रह नव्हे, एका गृहिणीचे आत्मचरित्र आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. त्यांतील विनोद, भाषेचा सहजपणा आणि प्रांजळपणा यांची वाखाणणी मराठी समीक्षेने भरपूर केली. पण ग्रंथाचा आरंभ कोठून होतो, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो सोवळ्यापासून होतो. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या उठावाच्या संदर्भात फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला, की घरात आलेली प्रत्येक वस्तू धुतली जाऊ लागली. मीठ-साखरेसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या वस्तूही त्यातून सुटल्या नाहीत. लेखिका हे हसत सांगते. तथापि तो केवळ विक्षिप्तपणाचा किस्सा नव्हे. जगात भयंकर काही घडले. ते धुऊन टाकता येत नाही. म्हणून जे हाताशी आहे ते माणूस धूत सुटतो. भयाने पछाडलेल्या शुद्धीचे याहून बोलके चित्र मराठी गद्यात क्वचितच आढळेल. मीठ धुतले की उरते ते पाणीच, हे लेखिकेला निराळे सांगावे लागत नाही.

याच घरातली मुलगी नारायण वामन टिळकांच्या घरी येते. टिळकांच्या धर्मांतराची कथा मराठी वाचकाला परिचित आहे. पण तिचा एक धागा छत्तीसगडात गुंतलेला आहे, याचे स्मरण क्वचितच होते. रायपूरच्या पश्चिमेस सुमारे सत्तर किलोमीटरांवर असलेल्या राजनांदगाव संस्थानाकडे टिळक नोकरीनिमित्त जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. राजनांदगावची गादी वैष्णव बैरागी महंतांची होती. संसार त्यागणाऱ्यांनी राज्य करावे अशा त्या संस्थानाच्या वाटेवर टिळकांच्या शोधाला दिशा मिळाली, हा योगायोग अर्थपूर्ण वाटावा असा आहे. कारण पुढे संसार आणि त्याग यांतील ताण त्यांना आयुष्यभर सुटला नाही. १८९५ च्या १० फेब्रुवारीस मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा मात्र १९०० साली झाला. मधल्या काळात ताटातूट आहे, आणि पुनर्भेटीनंतरही काही काळ वेगळी चूल आणि वेगळे पाणी आहे.

‘स्मृतिचित्रां’चे वैचारिक मर्म या मधल्या काळात आहे. बाप्तिस्म्यापूर्वीच एका क्षणी लक्ष्मीबाई स्वतःला विचारतात, की जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळताच त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय करतात. येथे क्रम महत्त्वाचा आहे. धर्मांतर होऊन मग सोवळे सुटले असे घडले नाही. सोवळे सुटले आणि मग नव्या धर्माची वाट मोकळी झाली. पावित्र्याचा अर्थ बदलला तो सिद्धांताच्या पातळीवर नव्हे, पाण्याच्या तांब्यापाशी. वडिलांच्या घरात पवित्र तेच, ज्याला कोणी शिवले नाही. लेकीच्या घरात पवित्र तेच, ज्यात कोणालाही वाटा आहे. टिळकांच्या घरी आश्रयाला आलेल्या मुलांची, पाहुण्यांची आणि कवींची वर्दळ होती. बालकवी ठोंबरे त्याच घरात पोटच्या मुलासारखे राहिले. घरखर्चाचे पैसे वाटेत कोणाच्या तरी हाती देऊन येणारा नवरा आणि उरलेल्यात सर्वांचे पोट भरणारी बायको, यांपैकी पावित्र्य कोणाच्या वाट्याला अधिक, असा प्रश्न ग्रंथ उघडपणे विचारत नाही. तो वाचकाला विचारावासा वाटतो, हेच त्याचे यश.

यावर एक आक्षेप संभवतो. अस्पृश्यतेचा त्याग ही समाजसुधारणा आहे. तिला पावित्र्य का म्हणावे? आक्षेप दुर्लक्षणीय नाही, आणि त्याला बळ देणारे उदाहरण छत्तीसगडातच मिळते. ऑस्कर लोर या जर्मन मिशनऱ्याने १८६८ साली रायपूर परिसरात सतनामी लोकांमध्ये कार्य आरंभिले आणि बिश्रामपूरची वसाहत उभी केली. गुरू घासीदासांच्या शिकवणुकीने सतनाम्यांनी मांस, मद्य आणि तंबाखू आधीच वर्ज्य मानली होती, मूर्तिपूजाही नाकारली होती. ज्यांना समाजाने अपवित्र ठरवले त्यांनी आचारशुद्धीचा स्वतंत्र मार्ग स्वतःच घडवला होता. अशा लोकांपुढे पावित्र्य म्हणजे निषेधांची यादी असे मांडले, तर त्यात नवे काय? आणि वर्ज्यांची यादी कितीही कडक झाली तरी तिच्यातून पावित्र्य निपजते काय? येथे सुधारणा आणि पावित्र्य यांतील भेद स्पष्ट होतो. सुधारणा कुंपण काढते. कुंपण निघाल्यावर त्या जागेत रोज कोणी, कोणासाठी राबावयाचे, हा पावित्र्याचा प्रश्न आहे. लक्ष्मीबाईंनी जात टाकली ही सुधारणा. त्यानंतर त्यांच्या स्वयंपाकघरात जे वर्षानुवर्षे चालले ते पावित्र्य होय.

तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या टिळकांनी मात्र अखेरीस दुसरी वाट धरली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ भरवला. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. या संन्यासाचे मोल कमी नाही. ख्रिस्ती भक्तीला देशी रूप देण्याचा तो धाडसी प्रयत्न होता. परंतु पावित्र्यासाठी माणसाने चारचौघांतून उठून निराळे व्हावे, ही जुनी कल्पना त्यात नव्या वेषाने परत येते. पत्नीच्या ग्रंथात ती परत येत नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे काम शालेय शिक्षण जवळजवळ नसलेल्या लक्ष्मीबाईंनी उचलले, तेही संसारातील कामांच्या रांगेतले आणखी एक काम म्हणून.

ख्रिस्ती जगाने हा विचार पुढे औपचारिकपणे मांडला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली पावित्र्याचे आवाहन सर्वांना आहे, केवळ मठवासीयांना नाही, असे घोषित केले. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी शेजारच्या घरात राहणाऱ्या संतांविषयी लिहिले. टिळक दांपत्य कॅथलिक नव्हते. तरी परिषदेच्या तीस वर्षे आधी एका मराठी गृहिणीने तो सिद्धांत उदाहरणासह लिहून ठेवला होता, हे येथे नोंदणे अप्रस्तुत ठरू नये.

‘स्मृतिचित्रां’च्या इंग्रजी भाषांतरांची शीर्षके या दृष्टीने बोलकी आहेत. १९५० च्या भाषांतराचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’. त्यात संत पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील, अजून न गाठलेल्या ध्येयामागे धावण्याची आठवण आहे. २०१७ साली शांता गोखले यांनी केलेल्या भाषांतराचे उपशीर्षक एका तेजस्वी पत्नीच्या आठवणींचा निर्देश करते. पहिले शीर्षक साधिका पाहते, दुसरे स्त्री पाहते. दोन्ही वाचने खरी आहेत. पण ती एकमेकींपासून वेगळी काढली की ग्रंथ अर्धा होतो, कारण लक्ष्मीबाईंचा बाणेदारपणा आणि त्यांची साधना ही एकाच चुलीवर शिजली.

मराठी समीक्षेचे कर्तव्य येथेच उभे राहते. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून, साहित्य अकादेमीने गौरविलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’पर्यंतच्या लेखनाला ‘ख्रिस्ती वाङ्मय’ असे नाव देऊन आपण त्याचे स्वतंत्र पान मांडले. पान आदराने मांडले, हे खरे. पण वेगळे मांडले. ‘स्मृतिचित्रे’ मुख्य पंक्तीत बसली ती त्यांतील धर्म बाजूस ठेवून, विनोदाच्या बळावर. जो ग्रंथ वेगळ्या पाण्याचा निरोप घेतो, त्याच्याशी हा व्यवहार न्यायाचा नाही. त्यातील हसू आणि त्यातील श्रद्धा एकाच भांड्यातून प्यावी लागेल. तेव्हाच ‘पवित्र’ या शब्दाला लक्ष्मीबाईंनी मिळवून दिलेला अर्थ मराठीच्या खाती जमा होईल.