दोष डिस्कचा की साधनाचा? लिबगेस्टएफएसची एक समीक्षा

व्हर्च्युअल मशीन सुरू न करता तिची डिस्क-फाइल आतून पाहायची असेल, तर लिनक्सवर लिबगेस्टएफएस हा साधनसंच वापरतात. गेस्टफिश आणि व्हर्ट-डीएफ ही त्यातलीच साधने. उबुंटूवर सामान्य वापरकर्ता म्हणून ती चालवली, तर पुष्कळदा सुरूच होत नाहीत. अशा वेळी विद्यार्थी डिस्क खराब झाली असे समजतात. हा निष्कर्ष घाईचा आहे.

कारण साधनाच्या रचनेत सापडते. लिबगेस्टएफएस डिस्क थेट होस्टच्या कर्नलला जोडत नाही. ते आधी एक छोटे व्हर्च्युअल मशीन उभे करते आणि डिस्क त्याच्या आत उघडते. अनोळखी डिस्कवरील सदोष फाइल-सिस्टिमपासून होस्ट सुरक्षित राहतो, हा या रचनेचा मोठा गुण. मात्र ते छोटे मशीन बांधण्यासाठी होस्टची कर्नल-फाइल वाचावी लागते आणि उबुंटूमध्ये तिची परवानगी ६००, म्हणजे फक्त रूटपुरती असते. त्यामुळे तुमच्या डिस्कला हात लागण्याआधीच काम थांबते.

टीका करायची ती इथे. त्रुटी-संदेश तपशीलवार नोंदी सुरू करण्याची सूचना देतो, पण कारण म्हणून 'सुपरमिन' अयशस्वी झाला, एवढेच सांगतो. हा साधनाचा अंतर्गत प्रोग्रॅम आहे, हे नवख्याला कसे कळावे? खरे कारण तपशीलवार नोंदी सुरू केल्यावरच दिसते.

म्हणून प्रथम 'लिबगेस्टएफएस-टेस्ट-टूल' चालवा. त्याला तुमची डिस्क लागत नाही. तेही अडले, तर तुमच्या डिस्कवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. नोंदी शेवटाकडून वर वाचत जा. कर्नल-फाइलला परवानगी नाकारल्याची ओळ आढळली, तर तिची परवानगी ६४४ करा. कर्नल अद्ययावत झाल्यावर हे पुन्हा करावे लागेल. केव्हीएम नसल्यास साधन हळू चालते, पण चालते. चाचणी यशस्वी झाली, तर मग डिस्क-फाइलचा मार्ग, परवानगी आणि स्वरूप तपासा.

'सुडो' लावून सुटका करून घेण्याचा मोह टाळा. काम होईल, पण सगळी प्रक्रिया रूटच्या अधिकाराने चालेल आणि ज्या सुरक्षिततेसाठी ही रचना केली तीच दुबळी होईल. शिवाय चालू मशीनच्या डिस्कवर चुकून लिहिले गेले, तर त्यातील माहिती बिघडू शकते. तिथे केवळ-वाचन पर्यायच वापरा.

थोडक्यात, लिबगेस्टएफएसची रचना योग्य आहे. कमी पडतो तो तिचा वापरकर्त्याशी होणारा संवाद.