पात्रांचे देहवर्णन : प्रमाण आणि पाहणारा डोळा

कथात्म साहित्यात पात्राच्या बाह्य रूपाचे वर्णन किती असावे, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे. मराठी कादंबरीच्या आरंभकाळात तो फारसा उद्भवत नव्हता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) रूढ झालेल्या अद्भुतरम्य कादंबरीत नायिकेचे लावण्य काव्यसंकेतांनी आधीच ठरलेले असे. परिणामी एकीचे वर्णन दुसरीलाही लागू पडते. शब्द विपुल, व्यक्ती मात्र दिसत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) चित्र पालटते. येथील मास्तर माणदेशातील धनगरांच्या वस्तीत परका म्हणून येतो. माणसे त्याला आधी दिसतात, मग कळतात. त्यामुळे त्यांचे देह, कपडे, हालचाली मोजक्या रेषांत येणे स्वाभाविक ठरते. माडगूळकर चित्रकार होते, हा दाखला याबाबत नेहमी दिला जातो. तो खरा असला तरी अपुरा आहे. कारण वर्णनाचे प्रमाण येथे लेखकाच्या कुंचल्याने नव्हे, निवेदकाच्या परकेपणाने ठरले आहे.

याउलट भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर आरंभीच आपले नाव आणि पंचवीस हे वय सांगतो, चेहऱ्याचा तपशील देण्याची निकड त्याला भासत नाही. तरीही तो अस्पष्ट राहिला, अशी तक्रार वाचक करीत नाही. त्याची ओळख बोलण्याच्या लकबीतूनच पटते. (परीक्षेतील ‘व्यक्तिचित्रण करा’ या प्रश्नाला रंग, बांधा, पोशाख या क्रमाने उत्तर लिहिण्याची सवय अशा वेळी उघडी पडते.)

बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या शीर्षककथेत हा प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. हा संग्रहही १९६३ चाच. परगावी रेल्वेत नोकरीस आलेल्या दलित निवेदकाला भोवतालचे लोक सवर्ण समजतात आणि जात उघड होताच मारहाण करतात. जात देहावर लिहिलेली नसते, म्हणूनच ही चोरी शक्य होते. लेखकाने निवेदकाच्या वर्णाचा आणि नाकीडोळ्यांचा सविस्तर तपशील पुरवला असता, तर वाचकही नकळत त्यात जातीची खूण शोधू लागला असता आणि मारणाऱ्यांच्याच पंक्तीला जाऊन बसला असता.